विलासला पत्र : विसापूरचे पागेसाहेब

तासगाव, जि. सांगली

प्रिय विलास,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू पगाराच्या स्लिपवरून करवादलास. दरमहा दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाला अडीच हजार व्यवसाय कर, आणि तो जातो कुणाच्या घशात? तेव्हा तुझा डबा खायचा राहिला होता म्हणून मी गप्प बसलो. आता रविवार आहे, पोरं बाहेर गेलीत, तेव्हा सविस्तर ऐक.

हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदारांनी थोडं द्यायचं, सरकारनं तेवढीच भर घालायची आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला काम द्यायचं. या योजनेमागचं डोकं वि. स. पागे यांचं. म्हणजे आपल्या विसापूरचे पागेसाहेब. तू-मी त्या रस्त्यानं सायकली हाणल्या, पण या माणसाचा कधी विचार केला नाही.

जन्म १९१० चा, वाळव्यातल्या बागणीचा. स्वातंत्र्यलढ्यातून घडलेले, सर्वोदयी वळणाचे. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला त्या वर्षी ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि १९७८ पर्यंत त्याच खुर्चीवर होते. अठरा वर्षं! तुझ्या नरिमन पॉइंटचं विधानभवन तेव्हा उभं नव्हतं, कामकाज जुन्या कौन्सिल हॉलमध्ये चाले.

मला खरं नवल वाटतं ते या खुर्चीचं. सभापतीनं बोलायचं नसतं, इतरांना बोलू द्यायचं असतं. त्याच्या हातात खातं नाही, निधी नाही, फायलीवर शेरा मारायची सोय नाही. राजकारणात अशी खुर्ची मिळाली की लोक म्हणतात, झालं, याला वर नेऊन गप्प बसवला. आणि या गृहस्थानं तिथं बसून राज्यातलं सगळ्यात बोलकं काम केलं. कसं, तर गावाकडं लक्ष ठेवून. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात, त्यांच्या कल्पनेचा प्रयोग सुरू झाला. कोरडवाहू मुलूख, सुगी संपली की मजुराच्या हाताला काम नाही. मग त्याच हातांनी बांधबंदिस्ती, पाझर तलाव, रस्ते करून घ्यायचे. मजुरी आज मिळेल आणि पाणी उद्या मुरेल, असा हिशेब. प्रयोगाचं बघून त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या मागं लकडा लावला आणि १९७२ मध्ये योजना राज्यभर जाहीर झाली.

आणि लगोलग बाहत्तरचा दुष्काळ आला. योजना बाजूला राहिली, दुष्काळी कामं निघाली. मे १९७३ मध्ये त्या कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती म्हणतात. आमची आजी त्यांतली एक. खडी फोडायला जायची, कडोसरीला सुकडीची पुडी बांधून आणायची, आणि लाल मिलोची (परदेशातून आलेल्या ज्वारीची) भाकरी घशाखाली उतरत नाही म्हणून आजोबांशी भांडायची. ती सांगायची, कलेक्टरनं दुष्काळ म्हटलं तर काम, नाही म्हटलं तर घरी बसा. काम निघेल की नाही ते आपण ठरवायचं नाही.

पागेसाहेबांनी नेमकं तेच फिरवलं, विलास. त्यांच्या योजनेत दुष्काळ जाहीर होण्याची वाट बघायची नाही. गावातल्या कुणाही प्रौढ माणसानं काम मागायचं, सरकारनं पंधरा दिवसांत द्यायचं. नाही दिलं तर बेकारी भत्ता, दिवसाला निदान एक रुपया. रक्कम हसण्यासारखी वाटेल, पण सरकारच कसूरवार ठरतं असा तो रुपया होता. बाईला नि गड्याला एकच दर. आजीच्या पिढीला ही मोठी गोष्ट, कारण शेतावर बाईची मजुरी कमीच असायची.

१९७७ मध्ये याचा कायदा झाला. दोन्ही सभागृहांनी तो एकमतानं मंजूर केला. मुख्यमंत्री होते वसंतदादा, म्हणजे पद्माळ्याचे, आणि परिषदेच्या खुर्चीवर विसापूरचे पागेसाहेब. जिल्ह्याचा अभिमान मी एरवी फारसा मिरवत नाही (हळद आणि द्राक्षं सोडून), पण इथं मिरवतो. राष्ट्रपतींची संमती वगैरे होऊन २६ जानेवारी १९७९ पासून कायदा लागू झाला. त्याआधीच १९७८ मध्ये पागेसाहेब सभापतिपदावरून उतरले होते. पुढं २००५ मध्ये संसदेनं देशभरासाठी शंभर दिवसांच्या हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचाच अनुभव समोर होता. तो बघायला ते नव्हते, १९९० मध्येच गेले.

आता तू म्हणशील, एवढं थोर तर मग त्या कामांवर खोटी हजेरीपत्रकं कशी निघाली? निघाली की. मेलेली माणसं हजेरीवर होती, मोजमापात मुरूम वाढायचा, आणि भत्ता हातात पडलेला मजूर शोधून सापडायचा नाही. पाझर तलाव झाला तरी त्याचं पाणी बहुतेक वेळा ज्याची विहीर आधीच होती त्यालाच लाभलं. ज्यानं माती उपसली त्याच्याकडं जमीनच नव्हती. माझ्या मते योजनेचं खरं दुबळेपण हेच आहे, चोरी नव्हे. चोरी पकडता येते. तरीही आजीच्या वयाच्या बायकांना विचारलंस तर त्या चोरीची नाही, स्वतःच्या नावावर पडलेल्या पगाराची गोष्ट सांगतात. कुणाच्या बांधावर जाऊन काम मागायचं नाही, मालकाचं तोंड बघायचं नाही, एवढी मोकळीक त्यांना पहिल्यांदा मिळाली.

मुंबईत त्यांच्या नावाचं संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे, नवे आमदार तिथं कामकाजाचे धडे घेतात. चांगलंच आहे. पण माझ्या मनात वेगळंच आहे. हा कायदा परिषदेत आला त्या दिवसाची चर्चा मला वाचायची आहे. बाकीचे सदस्य काय बोलले, कुणी खर्चाबद्दल कुरकुर केली का, आणि आपलंच लेकरू पटलावर आलेलं बघताना सभापतींनी नियम सोडून एखादं वाक्य टाकलं का. सभागृहाचं कामकाज छापलेलं असतं. तुझी बँक विधानभवनापासून चालत दहा मिनिटांवर. ग्रंथालयात एखादा दिवस जाऊन परवानगीचं विचार, १९७७ चे खंड मिळतात का बघ. फोटो काढू देत नसतील तर हातानं उतरवून घे, तुझं अक्षर मला वाचता येतं. वहिनींना नमस्कार सांग, बेदाणा पाठवतोय, वाटेत संपवू नकोस.

तुझा,
अशोक