बातमीत वेळ आणि उताराची दिशाही द्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

वसंतात बर्फाच्या डोंगरावर एकट्याने गेलेल्या माणसाला अपघात झाला की बातमीत दोन वाक्ये हमखास येतात : ‘हवामान उत्तम होते’ आणि ‘पाय घसरला’. वाचणाऱ्याला वाटते, मग नशीबच वाईट. या दिवसांत लख्ख ऊन हेच अनेकदा अपघाताचे कारण असते, हे मात्र बातमीतून कळत नाही.

निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता मोकळ्या आकाशात सोडतो. त्यामुळे हवेचे तापमान शून्याच्या किंचित वर असले तरी तो गोठतो आणि पहाटे त्याचे टणक कवच माणसाचे वजन पेलते. ऊन लागले की कवच मऊ होते, पाणी खालच्या थरांत झिरपते आणि बर्फाच्या कणांची एकमेकांवरची पकड सुटते. उत्तर गोलार्धात आधी पूर्वेचे उतार ढिले होतात, मग दक्षिणेचे, शेवटी पश्चिमेचे. रात्र ढगाळ गेली तर कवच धरतच नाही. मग पहाटे तीनला निघूनही फायदा नाही. निघण्यापूर्वी बर्फावर बूट जोरात आपटून पाहावा. घोट्यापर्यंत आत गेला तर त्या दिवशी चढाई नको.

म्हणून या चढाईचा हिशेब उलटा मांडावा लागतो. उतारावरून खाली कधी पोहोचायचे ते आधी ठरवायचे, निघायची वेळ त्यावरून. 5 किलोमीटरला एक तास आणि 600 मीटर चढाला आणखी एक तास, हा स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथचा 1892 मधला हिशेब बर्फावर आणि हात लावून चढायच्या कातळावर तोकडा पडतो. तिथे तासाला 300 मीटर धरावेत. 1200 मीटरचा पूर्वाभिमुख चढ असेल आणि दहाला खाली यायचे असेल, तर उतरायला दोन तास आणि माथ्यावर अर्धा तास धरून साडेतीनला निघायला हवे. साडेसातला माथा आला नाही तर जिथे असाल तिथून मागे फिरावे, मग माथा शंभर मीटरवर दिसत का असेना. उशीर चढताना जाणवत नाही, त्याची किंमत उतरताना मोजावी लागते.

हिमस्खलनाचा धोका सर्वाधिक 30 ते 45 अंशांच्या उतारावर असतो, आणि नेमके हेच उतार चढायला मोह पाडतात. फोनमधल्या कोनमापकाने उतार मोजता येतो. वरून बर्फाचे लहान गोळे आपोआप घरंगळू लागले, पाय नडगीपर्यंत रुतू लागले, की वेळ संपली. बीकन, म्हणजे बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव देणारे छोटे रेडिओ-यंत्र, जवळ असले तरी एकट्याला त्याचा आधार नाही. गाडला गेलेला माणूस जगण्याची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते, आणि तेवढ्यात उकरून काढणारा सोबती तिथे नसतो. एकट्याची खरी सुरक्षा वाट निवडण्यात आहे. नाळेऐवजी, म्हणजे उतारावरच्या अरुंद घळीऐवजी, सोंड, म्हणजे डोंगराची उंच धार, धरावी. नाळेत वरचा सगळा बर्फ उतरतो आणि रात्री गोठून अडकलेले दगडही उन्हाबरोबर सुटतात, म्हणून हेल्मेट पहाटेपासूनच डोक्यावर हवे. सोंडेवरही वाऱ्याआडच्या बाजूला बर्फाचे छज्जे लोंबतात. ते दिसतात त्यापेक्षा बरेच आतून तुटतात, तेव्हा धारेपासून लांब राहून चालावे.

आइस अ‍ॅक्स म्हणजे बर्फात रोवायची छोटी कुदळ. ती पाठीवर बांधलेली असेल तर तिचा उपयोग शून्य. ती डोंगराच्या बाजूच्या हातात असावी, प्रत्येक वळणावर हात बदलावा. घसरलात तर तिचे डोके खांद्याशी, दांडा छातीवर तिरपा, दुसरा हात दांड्याच्या खालच्या टोकाजवळ धरून पालथे व्हायचे आणि डोक्याची अणकुचीदार टोच बर्फात दाबायची. पायांत क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे धातूचे दात, असतील तर गुडघे वाकवून पाय वर उचलायचे, नाहीतर दात अडकून माणूस उलटा फेकला जातो. कडक बर्फावर हे पहिल्या दोन-तीन सेकंदांत जमले नाही तर वेग हाताबाहेर जातो. म्हणून खाली सपाट, मोकळी जागा असलेल्या छोट्या उतारावर, क्रॅम्पॉन न घालता, दोन्ही बाजूंनी याचा सराव हवा. ऊन चढले की क्रॅम्पॉनखाली ओल्या बर्फाचे गोळे साचतात आणि दात बर्फाला टेकतच नाहीत. तळाला प्लास्टिकच्या पट्ट्या असाव्यात, तरीही साचले तर दांड्याने ठोकून काढावे. बसून घसरत उतरायचे असेल तर क्रॅम्पॉन काढूनच. पायात राहिले तर घोटा मोडतो.

बर्फ संपून कातळ सुरू होतो तिथली फटही बातमीत कधी येत नाही. तापलेल्या कातळाजवळचा बर्फ आतून वितळतो, वर पातळ थर राहतो आणि माणूस कमरेइतका आत जातो. तिथे आधी दांडा खुपसून पाहावा. ओल्या बुटांनी कातळ चढता आला म्हणून तो उतरताही येईल असे नाही, तेव्हा उतरता येणार नाही असा टप्पा एकट्याने चढूच नये. हिमनदीवर तर दोराला सोबती नसताना पाऊल टाकू नये.

आपल्या बातमीदारांना एक विनंती आहे. अपघात किती वाजता झाला, उतार कोणत्या दिशेचा होता, आदल्या रात्री आकाश निरभ्र होते का, आणि त्या माणसाने मार्ग, परतीची वेळ व किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास मदत मागवायची हे कुणाला लिहून दिले होते का, एवढे विचारून छापावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर शोधपथकाला कोणत्या बाजूने सुरुवात करावी हेच कळत नाही. मग जखमी माणूस मिनिटाला सहा शिट्ट्या आणि एक मिनिट थांबा असा संकेत देत राहिला, तरी तो ऐकायला त्या बाजूला कुणी नसते.

कळावे,
आपला,
एक गिर्यारोहक