सूचना : मुलांच्या हातात गाडीची चावी देण्याआधी

सर्व सभासदांस,

सध्या महामार्ग ५३ वरच्या चौफुल्यांवर वाहतूक पोलीस क्लासला जाणारी पोरं थांबवताहेत. परवा आपल्याच इमारतीतला एक जण ट्रिपल सीट सापडला. घरी फोन आला तेव्हा वडील म्हणाले, "स्कूटीच तर आहे!" इथेच घोळ होतो.

१६ वर्षांनंतर लायसन मिळतं, पण ते ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. आपल्या पार्किंगमधल्या स्कूट्या १०० सीसीच्या वरच्या, म्हणजे त्यांना १८ पूर्ण हवीत. बॅटरीच्या गाडीचंही तसंच. २५० वॅटपर्यंतची आणि ताशी २५ किमीच्या आतली असेल तरच लायसन लागत नाही. दुकानदार काहीही सांगो, वेग-पॉवर कागदावर बघून घ्या.

अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा गाडीमालक जबाबदार. २५,००० रुपये दंड, ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला २५ वर्षांपर्यंत लायसन नाही. त्यामुळे काकांची, मामांची गाडी मागून नेऊ देऊ नका. अडकतील तेच बिचारे.

१८ वरच्यांनी हेल्मेट घाला, ऊन कितीही असो. आरसी, विमा, पीयूसी, लायसन डिजिलॉकरमध्ये ठेवलं तरी चालतं. पोलिसाने हात केला तर गल्लीत गाडी घालून पळू नका, बाजूला थांबा. चलन चुकीचं वाटलं तर तिथे हुज्जत न घालता ऑनलाइन तक्रार करा.

रविवारी पार्किंगमध्ये भेटू. गाड्यांची कागदपत्रं सोबत आणा.

— सचिव