यंत्रमाग कामगाराला काय दिसतं, ते विचारलंत का?

महोदय,

रविवार पुरवणीतला चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्यावरचा लेख वाचला. चित्र कितीला विकलं गेलं यावर रकानेच्या रकाने, ते रंगवलं कसं यावर ओळसुद्धा नाही. वर लेखकाचा शेरा, की अमूर्त चित्रं सोलापूरच्या यंत्रमाग कामगारासाठी नाहीतच. हे वाक्य तुम्ही सोलापुरातच छापलंत, याचा संताप आला.

माझे वडील पूर्व भागातल्या एका कारखान्यात चादरींची डिझाइनं काढायचे. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन भरायचा, मग त्यावरून जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणारी भोकांची, कार्डं पंच व्हायची. ते निवृत्त झाल्यावर मी त्यांना मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नेलं. गायतोंडेंच्या चित्रासमोरून ते हलेचनात. शेजारचे एक गृहस्थ हसून म्हणाले, "आजोबा, यात काही शोधू नका, तुम्हाला नाही कळायचं." वडिलांनी तिकडे लक्षच दिलं नाही. मला म्हणाले, "हा ब्रशचा रंग नाही गं. रूळ फिरवलाय आणि मग वरचा थर काढून घेतलाय. खालचा रंग कसा वर आलाय बघ." गायतोंडे रूळ आणि पॅलेट नाइफ (रंग लावायची-खरवडायची बोथट सुरी) वापरत, लावलेला रंग पुन्हा काढत, हे मी पुढे वाचलं. वडिलांना ते नुसतं बघून कळलं होतं. त्या गृहस्थांचंच वाक्य आता तुमच्या पुरवणीत!

आणि या चित्रकारांना माग परका होता का? चित्रकार प्रभाकर बरवे १९६१ ते १९६५ बनारसच्या विणकर सेवा केंद्रात, म्हणजे विणकरांना डिझाइनं पुरवणाऱ्या सरकारी केंद्रात, नोकरीला होते. तंत्रसाधनेतल्या चित्रांची ओढ त्यांना तिथेच लागली. अकोल्याचे अंबादासही विणकर सेवा केंद्रात होते. 'ग्रुप १८९०' या चित्रकारांच्या गटाच्या १९६३ मधल्या दिल्लीच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. लेखात त्यांचं नावही नाही.

शिवाय गायतोंडेंचं चित्र तुम्ही काळं-पांढरं छापलंत, तेही खालून कापून, जाहिरातीला जागा करायला. रंगाच्या थरांवर आयुष्य घालवलेल्या माणसाचं चित्र! येत्या रविवारी ते रंगीत आणि अख्खं छापा. माझं मागचं पत्र तुम्ही निम्मं गाळलं होतंत. हेही कापायचंच असेल, तर बरवे-अंबादासांचा परिच्छेद तेवढा ठेवा.

आपली,
एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर