छप्पर तेच, संघ बदलते

सिॲटल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सईचा हिरव्या टी-शर्टातला फोटो बघून तू फोनवर विचारलंस, की पोरीच्या शर्टावर एका संघाचं नाव, मागच्या आजोबांच्या पाठीवर दुसऱ्याचं आणि इमारतीवर भलतंच काहीतरी, हा काय प्रकार आहे? फोनवर सांगत बसलो असतो तर तुझी मालिका बुडली असती, म्हणून लिहितोय.

सईच्या शर्टावर ‘स्टॉर्म’ आहे. तो इथला बायकांचा बास्केटबॉल संघ. आजोबांच्या पाठीवर ‘सॉनिक्स’ आहे, तो पुरुषांचा, आणि तो संघ आता या शहरात नाही. इमारतीचं नाव क्लायमेट प्लेज अरीना. नाव द्यायचा हक्क २०२० मध्ये ॲमेझॉनने विकत घेतला, पण स्वतःचं नाव न लावता हवामानबदल रोखायच्या शपथेचं लावलं. त्याआधी वीसेक वर्षं एका बँकेवरून ‘की अरीना’, त्याच्याही आधी कोलिझियम. जुनी माणसं अजून कोलिझियमच म्हणतात.

गंमत म्हणजे इमारत खेळासाठी बांधलेलीच नव्हती. १९६२ साली इथे जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्यात वॉशिंग्टन राज्याचा मंडप म्हणून ती उभी राहिली. चारी बाजूंना उतरतं प्रचंड छप्पर आणि मध्ये एकही खांब नाही. प्रदर्शन उठल्यावर एवढ्या मोठ्या मंडपाचं करायचं काय? शहराने आत खुर्च्या टाकल्या आणि १९६४ पासून तिथे टोटेम्स नावाचा आइस हॉकीचा संघ आणि सिॲटल युनिव्हर्सिटीची बास्केटबॉलची मुलं खेळायला लागली. टोटेम्स १९७५ मध्ये बंद पडला. आज त्याचं नाव काढणारा क्वचितच भेटतो.

सॉनिक्स आले १९६७ मध्ये. पूर्ण नाव सुपरसॉनिक्स. बोइंग कंपनी तेव्हा इथेच, आणि तिला आवाजापेक्षा वेगवान प्रवासी विमान बनवायचं सरकारी काम नुकतंच मिळालं होतं. त्या आनंदात संघाचं बारसं झालं. पुढे १९७१ मध्ये अमेरिकन संसदेने पैसे बंद केले आणि ते विमान एकदाही उडालं नाही. संघ मात्र चाळीस वर्षं खेळला. त्यांचं एकमेव विजेतेपद १९७९ चं, पण तेव्हा ते जास्त प्रेक्षक मावावेत म्हणून किंगडोम नावाच्या दुसऱ्या मोठ्या स्टेडियममध्ये खेळत होते. म्हणजे ज्या इमारतीसाठी लोक गळा काढतात, तिच्या वाट्याला ते आलंच नाही. १९९६ मध्ये इथे अंतिम फेरी झाली तीही मायकल जॉर्डनच्या शिकागो बुल्सशी. मग काय होणार! ४-२ ने हरले.

तुला आवडेल असा किस्सा ५ जानेवारी १९८६ चा आहे. फिनिक्सच्या संघाशी सामना चालू होता, बाहेर पाऊस. छप्पर गळायला लागलं. पोरं टॉवेल घेऊन कोर्ट पुसतायत, पुसेपर्यंत पुन्हा थेंब, खेळाडू घसरतायत. शेवटी दुसऱ्या क्वार्टरमध्येच पंचांनी सामना थांबवला आणि उरलेला दुसऱ्या दिवशी खेळवला. चार भिंतींच्या आतला खेळ पावसाने थांबायची एनबीएमधली, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेतली, ती पहिलीच वेळ. पावसासाठी सिॲटल बदनाम आहेच, त्यात ही भर.

आता संघ गेला कसा ते सांगतो. इथे संघ शहराचा नसतो, मालकाचा असतो. २००६ मध्ये मालक होते स्टारबक्सचे हॉवर्ड शुल्ट्झ. नवं अरीना बांधायला सरकारने पैसे द्यावेत ही मागणी मान्य होईना, तेव्हा त्यांनी ३५ कोटी डॉलरला सॉनिक्स ओक्लाहोमाच्या मंडळींना विकला. दोन वर्षांत नव्या मालकांनी गाशा गुंडाळला. इमारतीचा भाडेकरार २०१० पर्यंत होता. कोर्टकज्जा झाला, साडेचार कोटी डॉलर देऊन तो मिटवला आणि २००८ च्या उन्हाळ्यात खेळाडू ओक्लाहोमा सिटीला रवाना. हिरवा-पिवळा रंग आणि सॉनिक्स हे नाव तेवढं इथे ठेवायचं ठरलं. त्या आजोबांच्या पाठीवर आहे ते हे नाव.

पण आत्या, मला जे खरं सांगायचं आहे ते पुढेच आहे. त्या ३५ कोटींत स्टॉर्मही होता. सन २००० पासून त्याच कोर्टावर खेळणारा, २००४ चं विजेतेपद याच इमारतीत जिंकलेला संघ, साड्यांच्या खरेदीवर ब्लाउजपीस मिळावा तसा सोबत गेला. तोही ओक्लाहोमाला जायचा, पण २००८ च्या सुरुवातीला सिॲटलच्या चार बायका पुढे आल्या, १ कोटी डॉलर मोजले आणि संघ ठेवून घेतला. पुढे २०१०, २०१८ आणि २०२० अशी आणखी तीन विजेतेपदं आली. संघाची लाडकी खेळाडू सू बर्ड २००२ मध्ये आली आणि २०२२ मध्ये निवृत्त होईपर्यंत बायकांच्या या स्पर्धेतल्या दुसऱ्या कुठल्याही संघाकडे गेली नाही. तिच्या शेवटच्या हंगामात घरच्या अखेरच्या साखळी सामन्याला १८ हजारांवर लोक होते. आणि तरी ऑफिसात कोणी पटकन म्हणून जातो, ‘२००८ नंतर बरीच वर्षं या शहराला संघच नव्हता!’ मी आता वाद घालत नाही, स्टॉर्मच्या चार विजेतेपदांची चार बोटं वर करून दाखवतो. तुमच्या व्हॉलीबॉलच्या वेळी मैदान आधी मुलांना मिळायचं आणि तुम्ही अंधार पडेपर्यंत ताटकळायचात, हे तू सांगितलेलं त्या वेळी हमखास आठवतं.

सध्याची इमारत आतून पूर्ण नवी आहे. छप्पर ऐतिहासिक वारसा ठरलेलं, त्याला हात लावायचा नाही. म्हणून सुमारे २० हजार टनांचं ते छप्पर तात्पुरत्या पोलादी आधारांवर तोलून धरलं आणि खालचं सगळं काढून जमीन आणखी खोल खणली. त्यामुळे रस्त्यावरून आत शिरलं की खुर्च्यांकडे खाली उतरत जावं लागतं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये उघडलं ते आइस हॉकीच्या नव्या संघासाठी, क्रॅकन त्याचं नाव. पहिला हंगाम यथातथाच गेला, पण २०२३ मध्ये त्यांनी आदल्या वर्षीच्या विजेत्या कोलोराडोला बाद फेरीत घरी पाठवलं. २०२५ च्या हिवाळ्यापासून बायकांचा हॉकी संघही आलाय, टॉरेंट. बघ, यांना वाट बघायला लागली ती चारच वर्षं. प्रगती म्हणायची!

हॉकीच्या मैदानाचा बर्फ पावसाच्या पाण्याचा असतो. ज्या छपराने एकेकाळी सामना बंद पाडला, त्याच्यावरचंच पाणी टाकीत साठवून वापरतात. हिवाळ्यात मध्येच कॉलेजचा बास्केटबॉल सामना आला तर बर्फ काढत नाहीत. त्यावर गार न लागू देणाऱ्या जाड फळ्या एकमेकींना चिकटून मांडतात आणि वर लाकडी कोर्टाचे तुकडे जुळवत जातात. रात्री हॉकी, दुसऱ्या दिवशी त्याच जागी बास्केटबॉल. पायाखाली बर्फ आहे याचा पत्ता लागत नाही. अगदी पुढच्या रांगेत बसलं तर पायांना जरा गारवा जाणवतो म्हणतात.

स्टॉर्मचा हंगाम मे ते सप्टेंबर, त्यामुळे व्हिसाची तारीख मिळेल तशी उन्हाळ्यातच ये. सामन्याचं तिकीट असलं की बस आणि मोनोरेल फुकट, गाडी लावायची कटकट नाही. सई तुला नियम समजावणार म्हणून आत्तापासून वहीत लिहून ठेवतेय. तू जिल्ह्याकडून खेळलीस हे मी तिला सांगितलेलं नाही, ते तूच सांग.

काकांना नमस्कार.

तुझा,
प्रसाद