घड्याळाशेजारच्या कोपऱ्याविषयी

पुणे,
१६ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या पहिल्या संध्याकाळी, म्हणजे ९ तारखेला, तुम्ही तो घरी संगणकावर बघत असताना आईचा फोन आला तेव्हा मी नुकतीच बाहेरून घरी आले होते. "अगं, देवीचं दिसतंय पण ऐकू काहीच येत नाही, घड्याळ चार-दहावरच थांबलंय आणि त्याच्या शेजारची चित्रं गेलीत सगळी," असे ती म्हणाली. मागून बाबांचा आवाज येत होता की दिवाळीत आवरताना मीच काहीतरी काढून टाकले असणार. मावळतीचे किरण देवीपाशी काही मिनिटेच थांबतात. मी संगणक बंद करून पुन्हा चालू करायला सांगितले, चिन्हे परत आली, आवाजही सुरू झाला, पण तोवर त्या दिवसाचा सोहळा संपला होता. आई त्याबद्दल एक शब्दही बोलली नाही, म्हणून मला ते अधिक लागले. दिवाळीत दोन दुपारी बसून मी पडद्यावरचा घड्याळाशेजारचा तो कोपरा नीट लावला खरा, पण काय केले आणि का केले हे तुम्हाला न सांगताच मी पुण्याची गाडी पकडली. ते आज सविस्तर लिहीत आहे.

बाबांना प्रत्येक वस्तूचे नेमके नाव लागते, म्हणून आधी तेवढे सांगते. पडद्याच्या तळाशी जी आडवी पट्टी असते ती टास्कबार, आणि तिच्या उजव्या टोकाला घड्याळाजवळचा जो भाग आहे त्याचे मायक्रोसॉफ्टने दिलेले नाव नोटिफिकेशन एरिया. बहुतेक लोक त्याला सिस्टिम ट्रे म्हणतात, आणि आता विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्येही तोच शब्द आला आहे. १९९५ साली विंडोज ९५ बरोबर ही पट्टी आली. पडद्याआड चालू असलेल्या प्रोग्रॅमने आपली अवस्था एका लहान चिन्हातून कळवावी, एवढेच या कोपऱ्याचे काम. पुढे प्रत्येक प्रोग्रॅम तिथे जागा मागू लागला. म्हणून २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये वापरात नसलेली चिन्हे आपोआप लपवण्याची सोय आली आणि २००९ च्या विंडोज ७ मध्ये ती एका लहान बाणामागच्या चौकटीत जाऊ लागली. तोच बाण तुम्हाला आजही दिसतो.

दिवाळीत मी मोजली तेव्हा आपल्या संगणकावर, बाणाच्या आतली आणि बाहेरची मिळून, १४ चिन्हे होती. त्यांतली दोन एकाच प्रिंटरची होती. एक त्या अँटिव्हायरसचे होते, ज्याची मुदत संपून दोन वर्षे झाली आणि जो रोज दुपारी पैसे भरण्याची आठवण करून देत होता. एक मी शाळेत असताना वापरलेल्या गाण्यांच्या प्रोग्रॅमचे होते, ते बाबांनी मागच्या संगणकावरून सगळे जसेच्या तसे आणताना सोबत आले असावे. या गर्दीत विंडोजची स्वतःची ढाल, म्हणजे तिच्या सुरक्षेचे चिन्ह, बाणाच्या आत तिसऱ्या ओळीत बसली होती आणि तिच्यावर पिवळा त्रिकोण होता. तो तिथे किती दिवस होता कोण जाणे. मला खरी काळजी वाटली ती हा त्रिकोण पाहून, कारण चौदा चिन्हे एकाच वेळी काहीबाही सांगत असली की माणूस त्या कोपऱ्याकडे बघणेच सोडून देतो.

बाबा, तुम्ही तेव्हा विचारले होते की चिन्ह लपवले की तो प्रोग्रॅम बंद होतो का. होत नाही, आणि पुष्कळांचा घोटाळा इथेच होतो. वर्गातल्या मुलाला मागच्या बाकावर बसवले तरी तो वर्गातच असतो, तसे हे आहे. चिन्ह दिसावे की लपावे हे ठरवण्याची जागा वेगळी आणि संगणक सुरू होताना तो प्रोग्रॅम जागा व्हावा की नाही हे ठरवण्याची जागा वेगळी. पहिल्यासाठी टास्कबारच्या मोकळ्या जागेवर माऊसचे उजवे बटण दाबून टास्कबार सेटिंग्ज उघडायचे आणि तिथे अदर सिस्टिम ट्रे आयकॉन्स या ओळीखाली ज्याच्यापुढचे बटण चालू ठेवाल ते बाहेर दिसते, बाकीचे बाणाच्या आत जाते. दुसऱ्यासाठी सेटिंग्जमध्ये ॲप्स आणि त्यात स्टार्टअप. गाण्यांचा प्रोग्रॅम आणि अँटिव्हायरस मी मुळातूनच काढून टाकले. अँटिव्हायरस गेल्यावर विंडोजचे स्वतःचे संरक्षण चालू झाले आहे ना, हे मी ढालीवर हिरवी खूण येईपर्यंत थांबून पाहिले. प्रिंटरच्या दोन चिन्हांपैकी एक स्टार्टअपमधून बंद केले. छपाईला त्याची गरज नाही, ते फक्त शाई विकत घ्या असे सांगण्यासाठी जागे राहत होते.

आता बाहेर मोजकीच चिन्हे आहेत आणि तीही विचार करून ठेवली आहेत. पहिली ती ढाल. तिच्यावर हिरव्या गोलात बरोबरची खूण असेल तर काही करायचे नाही. पिवळा त्रिकोण असेल तर सवडीने उघडून काय म्हणते ते वाचायचे आणि लाल फुली दिसली तर त्याच दिवशी मला फोन करायचा. त्यानंतर इंटरनेट आणि आवाज यांची जोडी. ती दोन्ही एकाच बटणात असतात, त्यामुळे कुठेही दाबले तरी एकच चौकट उघडते. इंटरनेट गेले की तिथे पृथ्वीच्या गोळ्यासारखे चिन्ह येते. मग ब्राउझरशी झटापट न करता आधी राउटरचे दिवे पाहावेत. नव्या यूपीएसची यूएसबीची तारही मी मागे जोडली आहे, म्हणून तिथेच बॅटरी दिसते. वीज गेली की तिच्यावर माऊसचा बाण टेकवला असता किती टक्के उरली ते कळेल. बाबा तालीम मंडळाच्या वर्गणीचा हिशेब लिहीत असतील तर पन्नास टक्क्यांच्या आत येण्यापूर्वी तो जतन करून संगणक बंद करावा, एवढी माझी विनंती आहे.

चौथे चिन्ह पेनड्राइव्ह काढण्याचे, आणि ते मी खास बाबांसाठी बाहेर आणले. ते पेनड्राइव्ह लावल्यावरच उगवते. यादीत मात्र त्याचे नाव विंडोज एक्सप्लोरर असे लागते, त्यामुळे शोधताना मलाही थोडा वेळ गेला. तुम्ही झेरॉक्सच्या दुकानात न्यायला पेनड्राइव्ह सरळ उपसून काढता हे मी तीन वेळा पाहिले. लिहिणे पुरे झाले नसेल तर त्यातली फाइल बिघडते, आणि मंडळाच्या अहवालाची जी प्रत दुकानात उघडली नव्हती तिचे कारण बहुधा हेच असावे.

आता त्या संध्याकाळचे. घड्याळ, टास्कबार आणि तो कोपरा हे सगळे विंडोज एक्सप्लोरर नावाचा एकच प्रोग्रॅम सांभाळतो. फायलींच्या खिडक्याही तोच उघडतो. तो मध्येच अडकला की घड्याळ थांबते, पण ब्राउझर वेगळा असल्यामुळे देवीचे दर्शन चालू राहते. आईने घड्याळ थांबल्याचे सांगितले तिथेच खरे तर मला कळायला हवे होते, कारण याहून स्पष्ट लक्षण दुसरे नाही. आवाजाचे कारण निराळे. आई दुपारी पडली होती म्हणून बाबांनी तो बंद ठेवला होता, आणि संध्याकाळी तो उघडायला चिन्हच जागेवर नव्हते. दोन लहान गोष्टी एका वेळी जुळून आल्या. दिवाळीतल्या आवराआवरीचा त्यात संबंध नव्हता, हे मी दोनदा तपासून लिहीत आहे.

पुन्हा असे झाले तर संगणक बंद करू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यातल्या यादीत विंडोज एक्सप्लोरर शोधा, त्यावर उजवे बटण दाबा आणि रीस्टार्ट टास्क निवडा. पट्टी क्षणभर पूर्ण नाहीशी होईल, पडदा उघडाबोडका दिसेल, त्याला घाबरू नका. दोन-चार सेकंदांत ती परत येते आणि उघडी असलेली पानेही जशीच्या तशी राहतात. फायलींच्या खिडक्या तेवढ्या मिटतील.

यातली एक गोष्ट बाबांना आवडेल असे वाटते. एक्सप्लोरर पुन्हा उभा राहिला की तो चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमना टास्कबार नव्याने तयार झाल्याची एक हाक देतो आणि ती ऐकून प्रत्येकाने आपले चिन्ह पुन्हा आणून लावायचे असते. ज्याच्या लिहिणाऱ्याने ही हाक ऐकण्याची सोय केलेली नसते, तो प्रोग्रॅम चालू असूनही कोपऱ्यात दिसत नाही. हजेरीच्या वेळी गप्प राहिलेल्या मुलासारखा तो वर्गात असतो पण पटावर गैरहजर लागतो. तसे झाले तर तेवढा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडावा. याच्या उलटही घडते. एखादा प्रोग्रॅम अचानक बंद पडतो, जाताना आपले चिन्ह काढून नेत नाही, आणि ते तिथे तसेच राहते. माऊसचा बाण त्याच्यावरून नेला की ते पुसले जाते. आईला "हात लावला की चित्र पळतं" असे जे वाटत होते ते हेच, त्यात तिच्या हातून काही बिघडलेले नाही.

आईच्या डोळ्यांसाठीही एक केले आहे. ही चिन्हे मुळात फक्त १६ पिक्सेल उंच आणि तेवढीच रुंद असतात. मी डिस्प्लेमधले स्केल १०० वरून १२५ टक्के केले, त्यामुळे ती २० पिक्सेलची झाली आणि अक्षरेही त्याच प्रमाणात वाढली. बाबा, तुमचा हात माऊसवर कापतो तेव्हा विंडोजचे बटण आणि बी एकत्र दाबा, म्हणजे निवड थेट त्या कोपऱ्यात जाईल, मग बाणांच्या कळांनी हव्या त्या चिन्हावर जाऊन एंटर दाबावे. चिन्हे माऊसने ओढून इकडेतिकडे करण्याची गरज नाही, ओढताना ती नको तिथे पडतात.

एक गोष्ट मी निक्षून सांगते. त्याच कोपऱ्यातून "तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत" अशी जी लाल चौकट वर येत होती आणि जिच्यामुळे बाबा दोन रात्री नीट झोपले नाहीत, ती विंडोजची नव्हती. एका भविष्याच्या संकेतस्थळाने सूचना पाठवू का असे विचारले होते आणि कोणीतरी अलाऊ दाबले होते. अशा चौकटीत ब्राउझरचे नाव आणि संकेतस्थळाचा पत्ता बारीक अक्षरांत असतो, तो आधी पाहावा. मी ब्राउझरच्या सेटिंग्जमधून ती परवानगी काढली आहे आणि यापुढे कोणत्याही संकेतस्थळाने विचारूच नये असे करून ठेवले आहे. तरीही चौकटीतल्या कोणत्याही क्रमांकावर फोन करू नका, आणि चुकून पैसे गेलेच तर मला कळवण्याआधी १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करा, कारण तिथे जितक्या लवकर कळेल तितके पैसे अडवणे सोपे जाते.

पुढचा किरणोत्सव ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला आहे. बाबा, ३० तारखेला संध्याकाळी पाच वाजता घड्याळ चालते आहे ना आणि आवाज उघडा आहे ना, हे एकदा पाहून ठेवा. मीही त्या वेळी फोन करीन. आई, तू फक्त खुर्ची पडद्यासमोर ओढून बस.

कळावे,
तुमची धाकटी