‘एक्स्पोझिशन’ला सरसकट ‘प्रदर्शन’ का म्हणावे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पाश्चात्त्य संगीतावरील एका अनुवादित लेखात सोनाटा-घाटाच्या, म्हणजे सुरावटी आधी ऐकवून, मग त्यांची मोडतोड करून शेवटी पुन्हा ऐकवणाऱ्या बांधणीच्या, पहिल्या विभागाला ‘प्रदर्शन’ म्हटलेले नुकतेच वाचले आणि मन खट्टू झाले. मूळ शब्द ‘एक्स्पोझिशन’. त्याच्या लॅटिन धातूचा अर्थ बाहेर काढून ठेवणे. १८८९ साली पॅरिसमध्ये जे भरले आणि ज्याच्या निमित्ताने आयफेल टॉवर उभा राहिला, त्याला ‘प्रदर्शन’ म्हणणे योग्यच आहे. संगीतात मात्र हा शब्द वाचकाला भलतीकडे नेतो, कारण तेथे काही मिरवायचे नसते. पुढे ज्यावर काम करायचे, ते आधी श्रोत्यापुढे ठेवायचे असते.

याच घाटाचा, बीथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीचा (वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेचा) आरंभ पाहावा. तीन आखूड आणि एक लांब, असा चार स्वरांचा ठोका सी मायनर या गंभीर स्वरमेळात घुमतो. मग हॉर्नची हाक येते आणि ई फ्लॅट मेजर या उजळ स्वरमेळात व्हायोलिनवर दुसरी, मवाळ सुरावट उमलते, तरीही खालच्या तंतुवाद्यांत तो ठोका अधूनमधून ऐकू येतच राहतो. एवढे झाल्यावर स्वरलिपीत पुनरावृत्तीचे चिन्ह आहे. हा सारा विभाग पुन्हा वाजवला म्हणजे दोन्ही सुरावटी कानात मुरतात आणि पुढची त्यांची मोडतोड ओळखू येते; काही वाद्यवृंद ही पुनरावृत्ती गाळतात, ते मला म्हणूनच खटकते. फ्यूग या, एकच सुरावट अनेक आवाजांनी पाठोपाठ घेण्याच्या रचनेतही सगळे आवाज एकेक करून ती मूळ सुरावट घेऊन दाखल होईपर्यंतचा भाग म्हणजे ‘एक्स्पोझिशन’च.

यासाठी मराठीत ‘मांडणी’ हा शब्द तयार आहे. आपण डाव मांडतो, गणित मांडतो, म्हणणे मांडतो, आणि गायक राग मांडतो. या प्रत्येकात पुढे काहीतरी घडायचे आहे, हे गृहीत असते. नाट्यशास्त्रातील पाच संधींपैकी, म्हणजे कथानकाच्या टप्प्यांपैकी, पहिल्या मुखसंधीत कथेचे बीज पडते, तीही मांडणीच. ती फसते कशी, हे कथालेखकांना ठाऊक असते: ‘आपले वडील दहा वर्षांपूर्वी वारले, हे तुला माहीतच आहे,’ असे भाऊ भावाला सांगू लागला, की तो भावाशी बोलत नसून वाचकाला माहिती पुरवतो आहे, हे लगेच कळते. वैचारिक निबंधातील ‘एक्स्पोझिशन’ला मात्र ‘विवेचन’ अधिक नेमके.

अनुवादकांनी आणि कोशकारांनी संगीत व कथा यांच्या संदर्भात ‘मांडणी’ हाच शब्द रूढ करावा, अशी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक संगीतप्रेमी वाचक