पालिकेचा निकाल आणि नेत्याची पत

महोदय,

महापालिकेचा निकाल लागला की त्यावरून नेत्यांचे राज्यव्यापी भवितव्य वर्तवण्याची घाई सुरू होते. अशी घाई करणाऱ्यांनी आमच्या नाशिकचा इतिहास जरूर तपासावा. २०१२ साली मनसेने येथे १२२ पैकी ४० जागा जिंकल्या, महापौरपद मिळवले आणि राज ठाकरे यांच्या नेतृत्वावर जणू शिक्कामोर्तब झाले. २०१७ मध्ये त्याच पक्षाला अवघ्या ५ जागा मिळाल्या, तर भाजपने ६६ जागांसह एकहाती सत्ता घेतली.

मधल्या काळात कामे झालीच नाहीत, असे नाही. पांडवलेणीच्या पायथ्याचे वनोद्यान आजही दाखवता येते. मात्र नगरसेवक एकामागून एक पक्ष सोडत होते, आणि ज्या कार्यकर्त्याने गळक्या जलवाहिनीसाठी विभागीय कार्यालयात खेटे घालायचे, तोच दुसऱ्या झेंड्याखाली गेल्यावर केवळ नेत्याच्या सभेच्या गर्दीने प्रभाग राखता येत नाही. शिवाय २०१७ ला चार सदस्यांचे प्रभाग आल्याने वैयक्तिक जनसंपर्कापेक्षा पक्षाचे चिन्ह आणि यंत्रणा वरचढ ठरली, हे विश्लेषणात क्वचितच येते.

विजेत्यांनाही हाच न्याय लावावा. नाशिक दत्तक घेण्याची घोषणा त्या प्रचारात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी केली होती, तेव्हा यशाचे श्रेय नेत्याचे असेल तर खड्ड्यांचा जाब केवळ नगरसेवकाने का द्यावा? मार्च २०२२ मध्ये मुदत संपून प्रशासक आल्यावर तर तो विचारायला नगरसेवकही उरला नव्हता.

– एक मतदार, नाशिक